श्वापदांचा हिशेब



हिंस्र पशूंचा विषय कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याकडे सोपविला जावा, हे सहसा घडत नाही. प्राणिशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. जे वाचले ते दिवसाचे काम आटोपल्यावर वाचले, आणि जे ऐकले ते धनगर, गुराखी व ऊसतोडणीचे मजूर यांच्या तोंडून ऐकले. परंतु शहरात राहणाऱ्या सुशिक्षितास वाघ-बिबट्या हा करमणुकीचा विषय असला, तरी आपल्या भागातील कष्टकऱ्याला तो तसा नाही. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील कुटुंबेच्या कुटुंबे कोयता घेऊन पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ज्या उसाच्या फडात ती तोडणी करतात, त्याच फडात बिबट्याची मादी पिले घालते. तेव्हा श्वापद कसे वागते आणि का वागते, हा प्रश्न आमच्यापुरता तरी रोजीरोटीचा आणि जिवाचा आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. वाघ क्रूर, लांडगा लबाड, बिबट्या कपटी, साप डूख धरणारा, ही विशेषणे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ही सारी विशेषणे माणसाच्या न्यायसभेतील आहेत. जनावराला त्या सभेत उभे केले, की त्याच्या वागण्याचा अर्थच कळेनासा होतो. कारण क्रूर माणूस गरज नसताना दुखवितो, आणि श्वापदाला गरज नसताना दुखविणे परवडत नाही. त्याचा सारा संसार तीन रकमांच्या हिशेबावर चालतो. शिकारीतून अन्न किती मिळणार, ही पहिली रक्कम. शिकार करताना आपल्याला इजा किती होणार, ही दुसरी. आणि पिल्ले जगणार की नाही, ही तिसरी. पाय मोडलेल्या वाघाला रजा नाही की औषधपाण्याची सोय नाही; त्याला उपाशी मरावयाचे असते. त्यामुळे आपल्याला भयंकर किंवा विलक्षण वाटणारे त्याचे वर्तन बहुधा या तीन रकमांत कोठे तरी बसते. हे खरे की खोटे, ते आपण इतिहासाच्या अगदी तळापासून तपासून पाहू.

तळापासून म्हणजे अक्षरशः पायाखालच्या दगडापासून. बिलोली आणि देगलूर तालुक्यांतील माणसाला दगडाचे दोन प्रकार समजावून सांगावे लागत नाहीत. इकडे ग्रॅनाइटचे मोठमोठे गोल धोंडे एकावर एक रचून ठेवल्यासारखे दिसतात. पश्चिमेकडे लातूरच्या बाजूस निघालो की काळा पाषाण लागतो. ग्रॅनाइट अतिप्राचीन आहे. काळा पाषाण त्या मानाने अलीकडचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्ह्याचा आहे. हा लाव्हा दख्खनवर पसरण्याच्या सुमारास या भूमीवर डायनोसॉर नावाचे अवाढव्य प्राणी राहत होते. त्यांची हाडे लाव्ह्याखालच्या थरांत सापडतात. आपल्या महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळचे पिसदुरा हे गाव त्यासाठी जगभर माहीत आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील हाडांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. तेथे अश्मीभूत झालेल्या विष्ठेचे गोळेही सापडतात. त्या गोळ्यांत गवताचे सूक्ष्म अंश असल्याचे २००५ साली सिद्ध झाले, आणि डायनोसॉरांच्या काळी गवत नव्हते ही जुनी समजूत मागे पडली.

तथापि आपला विषय गवत खाणाऱ्यांचा नाही, त्यांना खाणाऱ्यांचा आहे. त्यासाठी त्याच काळच्या थरांकडे, पण गुजरातेत जावे लागेल. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना धोली डुंगरी येथे १९८० नंतरच्या दशकात डायनोसॉरचे एक घरटे सापडले. दगडात अंडी होती आणि त्यांच्याजवळ बारीक हाडे होती. ही हाडे नुकत्याच जन्मलेल्या पिलाची असावीत, असे प्रथम वाटले. पुढे २००१ साली अमेरिकन संशोधक जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला, तेव्हा त्यांतील काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसला आहे, शेजारी अर्ध्या मीटरचे पिलू आहे, आणि तेवढ्यात वरून वाळूमातीचा लोंढा येऊन सारे गाडले गेले आहे, असे ते दृश्य निघाले. २०१० साली या सापाला सनाजेह इंडिकस असे नाव देण्यात आले.

आता या सापाचा हिशेब पाहा. अजगराप्रमाणे जबडा फार ताणण्याची सोय त्याला नव्हती. डायनोसॉरचे भले मोठे अंडे त्याच्याने गिळवत नव्हते. पूर्ण वाढलेल्या डायनोसॉरसमोर तर तो गांडुळासारखा. मग त्याने काय करावे? अंड्यातून पिलू बाहेर पडण्याची वाट पाहावी. त्या एका घटकेत पिलू मऊ, दुबळे आणि गिळण्याजोगे असते. थोड्याच काळात ते वाढून त्याच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणजे जमिनीवरील सर्वांत मोठ्या प्राण्यांच्या वंशावर एका मध्यम सापाने पोट भरले, ते बळावर नव्हे, वेळ साधून. गावात सावकार ज्याप्रमाणे शेतकऱ्याचा हात रिकामा असलेला महिना बरोबर हेरतो, तसेच हे आहे. फरक एवढाच, की सावकाराला दुसरा धंदा करता येतो, सापाला येत नाही.

गुजरातेतच रहियोली येथे १९८२ ते १९८४ या काळात एका मांसाहारी डायनोसॉरची हाडे मिळाली. २००३ साली त्याचे नाव राजासॉरस नर्मदेन्सिस असे ठेविले गेले. कपाळावर बुटके शिंग, अंग थोराड. त्याच्या कुळातील एक भाऊबंद मादागास्करमध्ये होता. कारण फार पूर्वी हिंदुस्थान आणि मादागास्कर हा एकच भूभाग होता. या भाऊबंदाचे नाव माजुंगासॉरस. त्याच्या हाडांवर दातांचे चर आढळले, आणि ते चर त्याच्याच जातीच्या दातांशी जुळले. तो आपल्याच जातभाईंना खात असे, ही गोष्ट २००३ सालीच प्रसिद्ध झाली. मारून खात असे की मेलेला खात असे, हे चरांवरून ठरत नाही. ऐकून अंगावर काटा येतो. पण कोरड्या ऋतूत, जेथे नदी आटते आणि अन्न संपते तेथे, मेलेला जातभाई हे फुकट मिळालेले मांस असते. आजही सिंह, अस्वल, मगर ही जनावरे प्रसंगी तसे करतात. दुष्काळात माणसानेही काय काय केले आहे, हे मराठवाड्यातील माणसास विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

असो. मधला प्रचंड काळ ओलांडून आपण आपल्या नदीकाठी परत येऊ. कुंडलवाडीच्या पलीकडे मांजरा गोदावरीस मिळते. याच मांजरेच्या जुन्या गाळात, लातूर जिल्ह्यात हारवाडीजवळ, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना हत्तीची व पाणघोड्याची अश्मीभूत हाडे मिळाली आहेत. ज्या नदीत उन्हाळ्यात आपण घागरभर पाण्यासाठी झरे खणतो, त्या नदीत एके काळी पाणघोडे डुंबत होते! सांगावयाचा मुद्दा हा, की जमीन, पाणी आणि शिकार बदलते, तसा श्वापदांचा मेळही बदलतो. अलीकडच्या काळात मात्र हा बदल हवामानाने कमी आणि माणसाने अधिक केला.

माळावर आणि रानात आजही असलेल्या दोन शिकाऱ्यांचे वर्तन आधी पाहू. पहिला लांडगा. बालाघाटच्या पठारापासून सोलापूरच्या माळापर्यंत मेंढरामागे फिरणारा धनगर लांडग्याचे कसब चांगले ओळखतो. एक लांडगा समोरून दिसेल असा येतो. कुत्री आणि धनगर त्याच्या मागे धावतात. तेवढ्यात दुसरा मागच्या अंगाने कोकरू उचलतो, असे धनगर सांगतात. याला आपण लबाडी म्हणतो. वास्तविक ती श्रमविभागणी आहे. एकट्याने केल्यास काठी डोक्यात बसण्याचा धोका अधिक. दोघांनी केल्यास धोका कमी आणि घास दोघांनाही.

दुसरा कोळसुंदा, म्हणजे रानकुत्रा. शिकाऱ्यांच्या जुन्या पुस्तकांत याच्याइतकी नालस्ती दुसऱ्या कोणाची नाही, कारण तो सांबराला धावता धावताच फाडतो, आणि सावज मरण्याची वाट न पाहता खावयास लागतो. पाहणाऱ्याला ते असह्य होते. पण कोळसुंद्याचे वजन पंधरा-वीस किलो आणि सांबराचे दोनशेच्या घरात. गळा धरून लोळविण्याचे बळ त्याच्या अंगी नाही. शिवाय खाण्यास उशीर केला तर वाघ किंवा बिबट्या येऊन घास हिरावून घेईल. म्हणून घाई. आता याच जनावराची दुसरी बाजू ऐका. टोळीने मारलेल्या सावजावर आधी पिलांना सोडतात. मोठी कुत्री बाजूस थांबतात. जी पिल्ले बिळातच आहेत त्यांच्यासाठी पोटातील मांस ओकून देतात. पिले एका जोडप्याची असतात आणि पोसते सारी टोळी. रानात एकमेकांची चुकामूक झाली तर शीळ घालून बोलावतात. आता या जनावराला क्रूर म्हणावयाचे की कुटुंबवत्सल? दोन्ही शब्द आपले. कोळसुंदा दोन्ही वेळी एकच काम करीत असतो.

आता चित्त्याकडे वळू, कारण त्याच्या कथेत पशूचा आणि माणसाचा इतिहास एकत्र गुंफलेला आहे. बिबट्या आणि चित्ता यांची पुष्कळजण गल्लत करतात. बिबट्याच्या अंगावर फुलांसारखी कडी असतात. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यांपासून तोंडापर्यंत काळी रेघ. चित्ता डरकाळी फोडीत नाही, मांजरासारखा गुरगुरतो. भूमीवरील सर्वांत वेगवान प्राणी तोच, पण त्याची धाव अर्ध्या मिनिटाच्या आत संपते. शिकार केल्यावर तो इतका दमलेला असतो, की दुसरे कोणी बलवान जनावर आले तर मारलेले हरीण सोडून निघून जातो. अशा वेगवान शिकाऱ्याने न झुंजता माघार घ्यावी, हे आश्चर्य वाटते. परंतु ज्याचे पोट पायांच्या वेगावर आहे, त्याला पायाची जखम म्हणजे मृत्यू. हिशेबाची दुसरी रक्कम ती हीच.

हा प्राणी माणसाळतो, म्हणून राजेरजवाड्यांनी त्याला शिकारीसाठी पाळले. आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूर दरबारचे चित्ते प्रसिद्ध होते. चित्तेवान चित्त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला बैलगाडीत बसवीत. काळविटांना बैलगाडीचे भय वाटत नसे, म्हणून गाडी कळपाजवळ नेता येई. मग झापड काढावयाची. चित्त्याने काळवीट पाडला, की त्याला थोडे रक्त किंवा मांसाचा तुकडा देऊन सावज सोडवून घ्यावयाचे. कष्ट चित्त्याचे, तुकडा चित्त्याला आणि काळवीट दरबारात. ही वाटणी आमच्या कामगारांना नवी नाही!

पण या जनावराने राजांना एका बाबतीत दाद दिली नाही. बंदिवासात ते वीत नसे. अकबराने हजारांनी चित्ते बाळगले अशी ख्याती आहे. परंतु बंदीत पिले झाल्याची त्या काळची एकच नोंद आढळते, आणि ती जहांगीर बादशहाने १६१३ च्या सुमारास आपल्या आठवणींत कौतुकाने केलेली आहे. त्यानंतर जगात दुसरी नोंद होण्यास १९५६ साल उजाडले, तेही अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात. रानात चित्त्याची मादी एकटी राहते. तिला मोकळा मुलूख हवा असतो. साखळीला बांधून ते साधत नाही. याचा परिणाम सरळ होता. दरबारात पाळलेला प्रत्येक चित्ता रानातून उणा झालेला चित्ता होता. शिवाय आईने शिकार शिकविलेला मोठा चित्ताच कामाचा, म्हणून तोच धरीत. हे धरण्याचे काम पारधी करीत. काही विशिष्ट झाडांवर चित्ते पुन्हा पुन्हा येऊन नखे घासतात, हे पारध्यांना ठाऊक होते. त्या झाडाभोवती ते फास लावीत. पुढे हिंदुस्थानातील चित्ते इतके विरळ झाले, की संस्थानिक ते आफ्रिकेतून मागवू लागले. १९४७ साली आजच्या छत्तीसगडातील कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्रीत तीन चित्ते मारले, आणि १९५२ साली चित्ता भारतातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. पुढे १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणून मध्य प्रदेशात कुनो येथे सोडण्यात आले.

या १९५२ सालाकडे मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. ज्या पारध्यांनी चित्ते धरून दिले त्यांना इंग्रज सरकारने काय दिले? १८७१ च्या कायद्यान्वये सरकारने अनेक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या, आणि या शिक्क्याखाली फासेपारधीही आले. पोलीस पाटलाकडे हजेरी द्यावयाची, परवानगीवाचून गाव सोडावयाचे नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली आणि या लोकांना नोकऱ्या दिल्या. असे राजे थोडेच. स्वतंत्र भारतात हा कायदा रद्द झाला तो १९५२ सालीच. ज्या वर्षी चित्त्याचे नाव हयातांच्या यादीतून गेले, त्याच वर्षी पारध्याचे नाव गुन्हेगारांच्या यादीतून निघाले. कागदावर तरी निघाले. समाजाच्या मनातून निघाले की नाही, हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहावे.

जनावरांच्या बाबतीतही राज्यकर्त्यांची रीत हीच होती: जात पाहून शिक्षा. वाघ, बिबट्या, लांडगा, कोळसुंदा यांना उपद्रवी ठरवून मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या सरकारी कागदांवरून जो हिशेब मांडला आहे, त्याप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेले. माणसावर हल्ला केलेला कोणता आणि न केलेला कोणता, असा भेद बक्षीस देताना कोणी केला नाही. दुसरीकडे मोठ्या लोकांची शिकार निराळी. निजामाच्या राज्यात, ज्यात आपला हा भागही होता, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याच्यासाठी १९०२ साली वरंगळकडील नेकोंडा येथे वाघाची शिकार झाली. त्या प्रसंगाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. साहेब छायाचित्रात दिसतो. हाकेकरी दिसत नाहीत. रान उठविताना जखमी वाघ आधी अंगावर येतो तो हाकेकऱ्याच्या. १९७२ साली वन्य जीव संरक्षण कायदा झाला आणि हा बक्षिसांचा व शिकारींचा काळ संपला.

मग वाघ माणसाला खातो, ते कसे? या बाबतीत जिम कॉर्बेट यांचा अनुभव मोठा. कुमाऊंतील चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. कॉर्बेटने तिला १९०७ साली मारले, तेव्हा तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. बंदुकीच्या जुन्या गोळीने ते मोडले होते. सुळे नसलेल्या वाघिणीस सांबर मारता येत नाही; माणूस मारता येतो. बिबट्याबद्दल त्याचे म्हणणे असे, की साथीच्या रोगात प्रेते न जाळता तशीच टाकली जातात, त्यातून काही बिबट्यांना माणसाच्या मांसाची सवय लागते. रुद्रप्रयागच्या बिबट्याचे बळी १९१८ च्या इन्फ्लुएन्झानंतरच सुरू झाले. १२५ माणसे घेतल्यावर १९२६ साली त्याचा शेवट झाला. पहिल्या प्रकरणात बंदूक माणसाची, दुसऱ्यात अव्यवस्था माणसाची.

आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील दोन वाघांची कथा समोरासमोर ठेविली तर पुष्कळ बोध होतो. पांढरकवड्याची टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, तिच्यावर दोन वर्षांत तेरा माणसे मारल्याचा ठपका होता. तिला दोन पिले होती. कापसाची शेते, गायरान आणि झुडपी जंगल यांची तेथे सरमिसळ आहे. बळी गेले ते मुख्यत्वे शेतावरचे आणि गुरांमागचे लोक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, २०१९ साली, त्याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याचा एक तरुण वाघ नवा मुलूख शोधीत बाहेर पडला. त्याच्या गळ्यात यंत्राचा पट्टा होता, म्हणून त्याची वाट कळली. आदिलाबाद, नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असे जिल्हे ओलांडीत तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. एकूण चाल तीन हजार किलोमीटरांहून अधिक झाली. दिवसा नाल्यात किंवा झुडपात पडून राहावे आणि रात्री चालावे, असा त्याचा क्रम. त्या अवधीत त्याने एकाही माणसाला ठार केले नाही. एकदा विसाव्याच्या जागी माणसे येऊन पडली तेव्हा एकाला किरकोळ जखम झाली, एवढेच. म्हणजे आपल्या नांदेड जिल्ह्यातून वाघ चालत गेला, आणि आपण सारे झोपलो होतो! जात एकच, जिल्हा एकच. परिस्थिती निराळी, म्हणून वागणे निराळे.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग. १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, पुढे धरणे व कालवे झाले, आणि अहिल्यानगर, नाशिक व पुणे जिल्ह्यांत जेथे बाजरी होत होती तेथे बारमाही ऊस उभा राहिला. बिबट्याला आणखी काय हवे? दाट आडोसा, पाणी, आणि गावाभोवती मोकाट कुत्री, डुकरे, शेळ्या. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा शंभर चौरस किलोमीटरांत सुमारे पाच मोठे बिबटे आढळले. आणि तेथे माणसांची वस्ती चौरस किलोमीटरला तीनशेवर! त्यांच्या अन्नात गावातील पाळीव व मोकाट जनावरांचा वाटा ८७ टक्के होता आणि त्यातही कुत्री सर्वांत अधिक. माणसांवरील हल्ले मात्र विरळा. बिबट्या माणसाजवळ राहतो आणि माणूस टाळतो; त्याचे नवल करण्यासारखे वर्तन ते हेच.

मग हल्ले वाढतात केव्हा? जुन्नर भागाचा अनुभव डोळे उघडणारा आहे. १९९३ ते २००१ च्या आरंभापर्यंत तेथे वर्षाला सरासरी चार हल्ले होत. लोकांनी मागणी केली, पिंजरे लागले, आणि शंभरावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. हल्ले कमी व्हावयास हवे होते. ते वर्षाला सरासरी सतरापर्यंत गेले. आणि जेथे बिबटे नेऊन सोडले, त्या जंगलांच्या आसपासही हल्ले होऊ लागले. कारण सोडलेला बिबट्या अनोळखी मुलखात बावरतो, घराकडे परत निघतो. आणि रिकाम्या झालेल्या फडात दुसरा तरुण बिबट्या येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातच विहिरीतून काढलेला एक बिबट्या २००९ साली माळशेज घाटात सोडला, तेव्हा तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईजवळच्या जंगलात गेला. लोक त्याला आजोबा म्हणत. दोन वर्षांनी रस्त्यावर वाहनाखाली त्याचा शेवट झाला.

म्हणून हा प्रश्न सुटला असे कोणी समजू नये. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात थोड्या दिवसांच्या अंतराने तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुले होती. ज्याच्या घरातील मूल जाते, त्याला बिबट्याच्या हिशेबाचे व्याख्यान ऐकविणे हा निर्दयपणा होईल. त्याचा संताप रास्त आहे. मी एवढेच म्हणतो, की संतापाने लावलेला पिंजरा पुढच्या मुलाला वाचवीत नाही.

आता ऊसतोडणीच्या टोळीकडे पाहा. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. फडाच्या कडेला कोप्या, कोपीला दार नाही, टोळीला उजेड नाही, शौचालय नाही. पहाटे अंधारात फडात शिरावयाचे आणि वाकून तोडावयाचे. वाकलेला किंवा बसलेला माणूस आणि लहान मूल बिबट्याला ओळखीच्या सावजाएवढे दिसते. उभ्या माणसाच्या वाटेस तो सहसा जात नाही. पोर बांधावर झोपविलेले असते. ऊस तोडता तोडता मध्यावर पिले सापडतात. ती उचलून खेळविली किंवा गावात नेली, तर आई जवळपास घुटमळते. तीच पिले जागच्या जागी एका टोपलीत ठेवून माणसे बाजूला झाली, तर मादी रात्री येऊन एकेक पिलू तोंडात धरून घेऊन जाते. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राने आणि वनखात्याने अशा कितीतरी भेटी घडवून आणल्या आहेत. हिशेबाची तिसरी रक्कम ती हीच: पिले मिळाली, की मादीचे माणसाशी भांडण उरत नाही.

यावरून कारखान्यांपुढे आणि सरकारपुढे मांडावयाच्या मागण्या आपोआप निघतात, आणि त्या अवाजवी नाहीत. टोळीचा तळ फडाला लागून नसावा; तेथे दिवे आणि शौचालये असावीत. लेकरांसाठी पाळणाघर असावे. उजाडल्यावर तोडणी सुरू व्हावी. फड एका बाजूने तोडीत जावे आणि जनावराला निघून जाण्यास दुसरी बाजू मोकळी ठेवावी. गावातील कचरा आणि मोकाट कुत्री यांचा बंदोबस्त करावा, म्हणजे बिबट्याचे निमंत्रणच बंद होईल. आणि फडात मजुराला इजा झाली तर ती कामावर झालेली इजा समजून भरपाई मिळावी. गिरणीत यंत्राने हात तुटला तर जे तत्त्व, तेच येथे. पिंजऱ्यावर खर्च करावयास आपण तयार असतो. दिव्यावर खर्च करण्याची मात्र कोणाची तयारी नसते, हे माझे गाऱ्हाणे आहे.

बंधुभगिनींनो, अंड्याजवळ वाट पाहणाऱ्या सापापासून फडातल्या मादीपर्यंत आपण आलो. कोठेही जनावराने आपला हिशेब सोडला नाही. पोट, जखम आणि पिले यांपलीकडे त्याला काही कळत नाही, आणि ते कळावे अशी अपेक्षाही नाही. माणसाला मात्र त्याचा हिशेब वाचता येतो. ज्याला वाचता येतो त्याने न वाचता कोणाला हिंस्र, कोणाला गुन्हेगार ठरवून टाकले, तर त्याची किंमत मोजावी लागते; आणि आजवर ती मोजली आहे हाकेकऱ्याने, गुराख्याने आणि ऊसतोडणीच्या बाईने. येत्या हंगामात बिलोली-देगलूरच्या टोळ्या पुन्हा निघतील. त्यांच्यापैकी कोणी आपल्या गल्लीतला, आपल्या ओळखीचा असेल. तो निघण्यापूर्वी पिले सापडल्यास काय करावे, एवढे तरी आपण त्याला सांगावे, आणि तळावर दिवा मागताना तो एकटा पडणार नाही याची काळजी घ्यावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.